गुडघे काकांचे, इंजिन वाफेचं आणि रिमोट माझा

काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. "जावईबुवा, तुम्ही ते ड्रोन-बिन उडवता ना, मग माझ्या अंगणातल्या छोट्या वाफेच्या इंजिनाला एक रिमोट बसवून द्या की." मी हो म्हणून टाकलं. मनात हिशोब असा की दोन सर्व्हो (रिमोटच्या हुकमाने दांडा फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), एक रिसीव्हर (सिग्नल पकडणारा), चार सेल, शनिवार दुपार, संध्याकाळी काकूंच्या हातचं जेवण आणि घरी. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये सुरू झालेलं काम ऑक्टोबरात संपलं, तेव्हा नेमकं काय काय झालं ते लिहून ठेवतो.

काका म्हणजे बायकोचे सख्खे काका. मूळचे नेरळचे, सत्तरच्या दशकात इंग्लंडला आले, कॉव्हेंट्रीला मशीन टूलच्या कारखान्यात अख्खी नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर मागच्या अंगणात रूळ टाकले. ३२ मिलिमीटर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. इकडे हा छंद मोठा आहे, खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये १६ मिलिमीटर धरून नॅरोगेज गाड्या बनवतात, त्यांची असोसिएशन १९७७ पासून चालू आहे. त्या हिशोबाने ३२ मिलिमीटर म्हणजे दोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानचंच गेज, आणि नेरळच्या माणसाने हेच का निवडलं ते सांगायची गरज नाही. माथेरानची लाइन १९०७ ची, सगळ्यात कडक चढ २० ला १, म्हणजे २० फूट पुढे गेलं की एक फूट वर. काकांच्या अंगणात शेडच्या मागून रूळ वर येतात तिथे ३५ ला १ असेल, त्याला ते "घाट" म्हणतात. पूर्ण चक्कर साधारण ३८ मीटर.

ज्याच्यावर काम केलं ते इंजिन खरोखर वाफेवर चालणारं, चार चाकी टँक इंजिन. तांब्याचा बॉयलर, आत ब्युटेन गॅसचा बर्नर, सेफ्टी व्हॉल्व्ह ४० पीएसआय दाबाला उडतो. एकदा गॅस भरला की वीसेक मिनिटं पळतं. केबिनमध्ये हाताने फिरवायचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारा स्क्रूवाला निडल व्हॉल्व्ह, आणि त्याच्याशेजारी पुढे-मागे करायचा दांडा. इंजिन कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण पुढे ज्या भानगडी झाल्या त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

मुळात रिमोट कशाला? मी पुण्याचा, लहानपणी कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वेच्या म्युझियममध्ये जाऊन तासन् तास उभा राहायचो, तिथल्या गाड्या विजेवर चालतात, कंट्रोल करणारा माणूस टेबलामागे बसलेला असतो. वाफेच्या गाडीचं तसं नाही. रेग्युलेटर एकदा लावला की तो तसाच राहतो, आणि रूळ मात्र सपाट नसतात. चढावर इंजिन धापा टाकत थांबतं, तो पार करायला थोडा जास्त उघडून ठेवला तर उतारावर तेच इंजिन उधळलेल्या बैलासारखं सुटतं. म्हणून हाताने चालवणारा माणूस गाडीच्या बाजूने वाकून चालत राहतो, दर दहा-बारा फुटांवर केबिनमध्ये बोटं घालून अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे, आणि दर वेळी बोटाला चटका. काकांचा एक गुडघा बदललाय, दुसरा रांगेत आहे. डॉक्टर म्हणाले वाकू नका, काकू म्हणाल्या रूळ विका, तेव्हा मला फोन आला.

त्यांच्याकडे एक जुना रेडिओ सेट पडून होता, ४० मेगाहर्ट्झचा, मीटरभर एरियलवाला. (ब्रिटनमध्ये ३५ विमानांसाठी आणि ४० जमिनीवरच्या नि पाण्यातल्या मॉडेल्ससाठी अशी वाटणी असायची.) तो बाजूला ठेवला आणि २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलवाला (म्हणजे सहा गोष्टी वेगवेगळ्या हलवू शकणारा) सेट घेतला, ह्यात फ्रीक्वेन्सीप्रमाणे क्रिस्टल बदलायची वगैरे कटकट नाही. इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो.

पहिली आयडिया काकांची नव्हती, माझी होती, आणि इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. ह्या प्रकारच्या इंजिनात पुढे-मागे करायला चाकांजवळचं व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणारे दांडे) बदलत नाहीत, एक छोटा पिस्टन व्हॉल्व्ह सरकवतात आणि त्याने आत येणारी वाफ आणि बाहेर जाणारी वाफ ह्यांचे रस्ते अदलाबदल होतात. मध्यावर दोन्ही बंद. म्हणजे एकच सर्व्हो त्या व्हॉल्व्हला जोडला की मध्ये स्टॉप, एका बाजूला पुढे, दुसऱ्या बाजूला मागे, आणि जितकं सरकवाल तितका स्पीड, रेग्युलेटर उघडाच ठेवायचा. एका सर्व्होत काम. फारच सुंदर वाटलं.

चालली पण गाडी. सपाटीवर, दोन डब्यांसकट, अगदी छान. मग दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे व्हॉल्व्हच्या ओ-रिंगा (वाफ अडवणाऱ्या रबरी कड्या) जुन्या, मध्यावर आणलं तरी वाफ झिरपायची आणि स्टेशनात थांबलेली गाडी कुणाचं लक्ष नसताना हळूच पुढे निघायची, काका म्हणाले ही सरकारी बस झाली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती मला फार उशिरा कळली. हा व्हॉल्व्ह अर्धवट उघडला की आत येणारी वाफ कमी होते हे बरोबर, पण बाहेर जाणाऱ्या वाफेचा रस्ताही तेवढाच आवळला जातो. सिलिंडरने वापरलेली वाफ नीट बाहेरच पडत नाही, पिस्टनला उलट दाब लागतो. घाटावर इंजिन झटके देत चढायचं, मधेच अडायचं. गंमत म्हणजे उतारावर हाच दोष ब्रेकसारखा उपयोगी पडला, ते काकांना आवडलंही. माझं मत विचाराल तर सपाट रूळ आणि हलकी गाडी असेल तर एक सर्व्हो पुरतो, चढ असेल तर त्याच्या नादी लागू नये.

तेव्हा दुसरा सर्व्हो, रेग्युलेटरवर. इथे खरं काम सुरू झालं आणि लक्षात आलं की मी रेडिओचा माणूस, पण काम निघालंय कानस आणि ड्रिलचं, ज्यात काकांनी चाळीस वर्षं घालवलीत. गोल नॉब काढला. त्याच्या स्पिंडलला (फिरणाऱ्या दांडीला) कानशीने एक सपाट बाजू केली, दीड मिलिमीटरच्या पितळी पट्टीचा दांडा कापला, तो ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) बसवला. मी सरळ भोक पाडून सुपरग्लू लावणार होतो, काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ट्यूब खिशात घातली.

मग मापं घेतली, आणि हे आधी केलं असतं तर बरं झालं असतं. इंजिन स्टँडवर, चाकं हवेत, पूर्ण वाफ. बंद ठिकाणापासून दांडा हळूहळू उघडत गेलो. पहिले पंधराएक अंश काहीच नाही, मग चाकं फिरायला लागली, आणि ५० च्या पुढे कितीही उघडा, वेगात फरक शून्य. म्हणजे अख्खा खेळ ३५ अंशांचा. सर्व्हो बिचारा ९० अंश फिरतो. माझ्या पहिल्या जोडणीत दोन्ही दांडे सारख्या लांबीचे होते, त्यामुळे काकांच्या अंगठ्याखाली रिमोटच्या स्टिकचा जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर कामाचा आणि बाकी सगळा फुकट, थोडा अंगठा हलला की गाडी एकतर मेली नाहीतर पळाली. ते वैतागून म्हणाले, "ह्यापेक्षा माझी बोटं बरी होती."

उपाय साधा भूमितीचा होता. सर्व्होच्या बाजूचं भोक मध्यापासून १४ मिलिमीटरवर घेतलं, रेग्युलेटरचा दांडा २२ मिलिमीटर केला, मध्ये सायकलच्या स्पोकचा तुकडा दोन्ही टोकांना झेडसारखा वाकवून. आता सर्व्हो पूर्ण ९० फिरला की रेग्युलेटर ५३-५४ अंश फिरतो, जेवढा हवा तेवढाच. वर जोरही जवळजवळ दीडपट मिळतो. ह्यात सेटिंग नाही, प्रोग्रॅमिंग नाही, फक्त दोन भोकं कुठे पाडायची एवढाच प्रश्न. ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, ट्रॅव्हल (सर्व्होने किती फिरायचं ते) कमी करूनही हे जमतं असं बरेच जण सांगतात, पण मग सर्व्होच्या पायऱ्यांपैकी निम्म्याच वापरात येतात आणि जोर वाढत नाही, म्हणून आधी दांडा नीट करावा आणि मग मेनूत शिरावं.

जोराचा मुद्दा नंतर अंगावर आला. गार इंजिनावर स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघितलं होतं, अगदी हलका होता रेग्युलेटर, म्हणून नऊ ग्रामचा प्लास्टिक गिअरवाला स्वस्त सर्व्हो लावला. पण गरम झाल्यावर ग्लँडमधली (स्पिंडलभोवतीच्या वाफबंद बुचातली) रिंग फुगते, त्यात स्टीम ऑइलचा चिकटा, आणि तोच रेग्युलेटर जवळजवळ दुप्पट जड लागतो. शिवाय जागेअभावी मी सर्व्हो बॉयलरच्या मागच्या पाटीपासून बोटभर अंतरावर बसवला होता. ४० पीएसआयला आतली वाफ १४० अंशांच्या वर असते, बोटभर अंतर म्हणजे काहीच नाही. तिसऱ्या चक्करला सर्व्होचा पांढरा नायलॉनचा दांडा ओल्या पापडासारखा वाकला, त्याच झटक्यात आत एक दात गेला आणि रेग्युलेटर अर्धवट उघडा राहून गेला. गाडी हातात सापडली म्हणून बरं.

नवीन सर्व्हो मेटल गिअरचा घेतला, १९ ग्रामचा, आणि केबिनच्या मागच्या भिंतीला, कोळशाच्या खोट्या पेटीत आडवा टाकला. दांडा पितळी केला. आणि शहाणपणा म्हणून बॉयलरची मागची पाटी तीन मिलिमीटर कॉर्कने पूर्ण झाकली, सगळीकडून, एकदम व्यवस्थित. सर्व्हो गार राहिला. आणि सप्टेंबरच्या शेवटी एका गार सकाळी इंजिन दहा मिनिटांत मरायला लागलं.

प्रेशर पडायचं, बर्नरचा आवाज बारीक व्हायचा. आम्ही जेट (ज्याच्या बारीक भोकातून गॅस सुटतो ते) काढून फुंकलं, फिल्टर बदलला, गॅस बदलला, काही नाही. शेवटी काकांनी गॅसच्या टाकीला हात लावला आणि म्हणाले, "अहो, ही तर बर्फासारखी आहे." तेव्हा ट्यूब पेटली. टाकीतला ब्युटेन द्रवाचा वायू होताना स्वतःची उष्णता घालवतो, टाकी गार पडत जाते, आणि साधा ब्युटेन शून्याच्या आसपास उकळायचाच थांबतो. एरवी ही टाकी केबिनमध्ये बॉयलरला खेटून बसते, त्याच्या ऊबेवर तिचं भागतं, आणि ती ऊब मी कॉर्क लावून बंद केली होती! इंजिन बनवणाऱ्याने टाकी तिथे का ठेवली ह्याचा विचार मी केलाच नव्हता. कॉर्क अर्धा कापला, सर्व्होच्या बाजूला ठेवला, टाकीच्या बाजूचा काढला. इंजिन पुन्हा वीस मिनिटं पळायला लागलं. थंडीत प्रोपेन मिसळलेला गॅस वापरतात, तेही आता करतो, पण मूळ दुखणं कॉर्कचं होतं.

आता त्या अपघाताबद्दल. हा कॉर्कच्या आधीचा, ऑगस्टमधला. दोन्ही सर्व्हो लागलेत, गाडी मस्त चाललीय, काका खुर्चीत बसून चहा घेत चालवतायत, शेजारचे दोघं बघायला आलेले. गाडी शेडच्या मागे गेली आणि पुढच्या बाजूने जी बाहेर आली ती सुसाट. काका स्टिक खाली ओढतायत, गाडी ऐकत नाही. उतार संपतो तिथे कर्व्ह आहे, तिथे इंजिन आडवं होऊन थेट काकूंच्या लॅव्हेंडरमध्ये. आडवं पडलेलं इंजिन, बर्नर चालू, आजूबाजूला उन्हाळ्यातलं वाळलेलं गवत. मी धावत जाऊन आधी गॅस बंद केला, पाण्याचा डबा तिथेच ठेवलेला होता म्हणून गवतावर ओतला. लॅव्हेंडरचं एक झुडूप जळालं. काकू काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

संशयित तीन. काकांचं म्हणणं शेजाऱ्यांचं वायफाय. माझं म्हणणं बॅटरी, कारण मला माहीत होतं की बंद स्थितीत सर्व्हो गुणगुणतो. मीटर लावला तर काही न करता २८० मिलिअँप खात होता. कारण मी एंड पॉइंट (सर्व्होने कुठे थांबायचं ते) असा ठेवला होता की सर्व्हो रेग्युलेटरला बंद झाल्यावरही अजून दाबतच राहतो. चार ट्रिपल ए सेल, ८०० मिलिअँपवाले, अडीच तासात मान टाकणार. एंड पॉइंट एक-एक करत मागे आणला, गुणगुण थांबली, ४५ मिलिअँपवर आलं. निडलची सीट वाचली ते वेगळंच. पण अपघाताच्या दिवशी बॅटरी फुल होती, तेव्हा ती आरोपी नाही.

मग रेंज चेक. ट्रान्समीटरमध्ये एक मोड असतो, पॉवर मुद्दाम कमी करून तीस पावलांवर चालतंय का बघायचं. इंजिन अंगणात ठेवलं आणि मी मागे मागे जात राहिलो. इंजिनाची पाठ माझ्याकडे असेल तर पंचवीस पावलं. तोंड माझ्याकडे केलं तर अकराव्या पावलाला सर्व्हो मेला. आता बघा, रिसीव्हर पितळी केबिनमध्ये, त्याची एरियलची वायर मी नीटनेटकं दिसावं म्हणून छताखाली गुंडाळून चिकटवलेली, समोर पाण्याने भरलेला तांब्याचा बॉयलर. वायरचं शेवटचं ३१ मिलिमीटर टोकच खरं काम करतं, आणि तेच मी डब्यात कोंडलं होतं. शेडमागे गाडी वळली की बॉयलर आमच्या आणि एरियलच्या मध्ये. वायफाय सुटलं निर्दोष.

पण सिग्नल गेला तरी गाडीने थांबायला हवं होतं, फेलसेफ कशासाठी असतो? इथे चूक पूर्ण माझी. ह्या रिसीव्हरमध्ये फेलसेफ फक्त थ्रॉटलच्या (वेगाच्या) चॅनेलला आहे, बाकीचे चॅनेल सिग्नल गेल्यावर शेवटच्या जागी तसेच धरून बसतात. आणि मी रेग्युलेटर लावला होता उजव्या स्टिकच्या चॅनेलवर, का, तर वायर तिथे पोचत होती. सिग्नल गेला त्या क्षणी काका घाटासाठी स्टिक वर ढकलून बसले होते. इंजिनाने शेवटची ऑर्डर इमानदारीने पाळली.

आता रेग्युलेटर थ्रॉटलवर आहे, स्टिक स्प्रिंगची नाही, सोडली तिथे राहते, काकांच्या अंगठ्याला आराम. पुढे-मागे दोन पोझिशनच्या स्विचवर टाकलंय, कारण ते स्प्रिंगवाल्या स्टिकवर असताना अंगठा निसटला की व्हॉल्व्ह मध्यावर यायचा आणि गाडी गचका खाऊन थांबायची. एरियलचं टोक छतातून एका टेफ्लॉनच्या नळीतून वर उभं काढलंय, लांबून शिट्टीसारखं दिसतं. रिसीव्हर जाड फुग्यात घालून तोंड बांधलंय, कारण ह्या इंजिनाच्या चिमणीतून तेल आणि पाणी दोन्ही उडतं आणि कनेक्टरला तेल लागलं की पुसत बसा. बॅटरी निकेलचीच ठेवली. मित्र म्हणाला लिथियम टाक, हलकी असते. गरम तव्याशेजारी लिथियम पॅक ठेवायची माझी छाती नाही, आणि इंजिनाला वजन उलट हवंच असतं.

प्रत्येक वेळी रूळावर ठेवण्याआधी काका एक टेस्ट करतात आणि ती करण्यात त्यांना विलक्षण आनंद होतो. इंजिन स्टँडवर, वाफ पूर्ण, चाकं जोरात फिरतायत, आणि ते ट्रान्समीटर सरळ बंद करतात. सेकंदभरात दांडा मागे जातो, चाकं थांबतात, थोड्या वेळाने सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्स करतो. एवढं झालं की मग खाली वाकायला मला बोलावतात, रूळावर ठेवायचं काम अजूनही जावयाकडे आहे.

सुरुवातीचं पाणी काढायचं कामही रिमोटवर सोपं झालं. थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ जाते ती पाणीच होते आणि पाणी काही दाबलं जात नाही, इंजिन अडून बसतं. पूर्वी त्याला हाताने पुढे-मागे ढकलावं लागायचं, आता स्विच पुढे, स्विच मागे, रेग्युलेटर जरासा उघडा, तीन-चार वेळा, चिमणीतून पिचकारी उडते आणि गाडी मोकळी होते. बघणाऱ्यांना लांब उभं करावं लागतं एवढंच.

एक गोष्ट रेडिओने होत नाही. आग आमच्या हातात नाही, गॅसचा नॉब अजून हातानेच फिरवायचा, तो सर्व्होवर टाकायचा विषय मी काढूच दिला नाही. अशा इंजिनात गॅसची टाकी मुद्दाम लहान असते, पाण्याच्या आधी गॅस संपावा म्हणून, नाहीतर बॉयलर कोरडा तापेल. म्हणजे वीस मिनिटांनी गाडी थांबणार, आणि पहिल्या दोन रविवारी ती नेमकी शेडच्या मागे थांबली. काका ट्रान्समीटर हातात घेऊन, काठी टेकत तिथपर्यंत गेले, वाकले, उचललं, आणि काकूंनी खिडकीतून बघितलं.

त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. गॅस संपायच्या आधी बर्नरची घरघर बदलते, बारीक होत जाते, मग एकदम शांत. बॉयलरमध्ये मात्र अजून वाफ शिल्लक असते, अर्ध्या-पाऊण चकरेपुरती. आता ते गप्पा मारताना एक कान तिकडे ठेवून असतात, घरघर थांबली की हात वर करून आम्हाला गप्प करतात, रेग्युलेटर थोडा आवळतात आणि उरलेल्या वाफेवर गाडी सावकाश खुर्चीजवळच्या फलाटावर आणून उभी करतात. मागच्या रविवारी फलाटाला दोन वीत कमी पडली. मी उठायच्या आधीच त्यांनी काठीच्या मुठीने डबा अडकवून ओढून घेतला.